सत्तेचाळीस नंबरचा शिक्का

२१ फेब्रुवारी २०२३, चँडलर

ही डायरी बाबांची. बँकेने दिलेली, २०२२ सालची. त्यांनी दहा ऑगस्टपर्यंत लिहिलं आहे: दूध किती घेतलं, पाऊस किती पडला, कोण येऊन गेलं. तेरा तारखेला ते गेले. पुढची पानं कोरी होती म्हणून मी सांगलीहून ती उचलून आणली आणि सहा महिने कपाटात ठेवली. आज काढली, कारण आज जे बघितलं ते कुणाशी बोलावं ते कळत नाही.

बंद पडणाऱ्या हृदयाला झटका देणारं यंत्र असतं, त्याच्या आतला चार्जिंगचा भाग आमची कंपनी बनवते. बराचसा माल इथे अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांना जातो. करारातली अट अशी की प्रत्येक भाग सात दिवस, दिवसरात्र, गरम ओव्हनमध्ये चालवून बघायचा. कच्चा असेल तो तिथेच जातो. उरलेल्यांच्या कागदावर तपासणाऱ्याने आपला शिक्का मारायचा. प्रत्येकाचा नंबर वेगळा. माझा ४७.

आज परत आलेल्या मालाच्या ढिगातला एक भाग माझ्या टेबलावर होता. न्यू मेक्सिकोतल्या एका दवाखान्यातून आलेला. सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: वापराच्या वेळी चार्ज झाला नाही. रुग्ण पुरुष, वय ७१. वाचला नाही. खाली बारीक अक्षरात, यंत्रामुळेच मृत्यू झाला असं म्हणता येत नाही. मी सवयीने त्याचा तपासणीचा कागद काढला. शिक्का ४७. तारीख २२ ऑगस्ट २०२२.

२२ ऑगस्टला बाबांचा दहावा होता. मी कृष्णेच्या घाटावर उभा होतो. कावळा शिवेना. गुरुजी म्हणाले, "काही राहिलंय का त्यांचं, बोला." मी म्हणालो, आईला सांभाळेन. तेव्हा शिवला.

त्याच दिवशी इथे माझ्या शिक्क्याने सांगितलं की हा भाग सात दिवस चालला.

२२ फेब्रुवारी

शिक्का मी मोरेश्वरदादांकडे ठेवून गेलो होतो. रजेवर जाताना तो लॉकरमध्ये जमा करून सही करायची, असा नियम आहे. पण बाबांची बातमी आली तेव्हा लॉकरवाली बाई जेवायला गेली होती. दादा म्हणाले, "दे इकडे, तू पळ." घराची किल्लीही त्यांच्याकडेच दिली, कुंड्यांना पाणी घालायला. आपल्या माणसाकडे किल्ली देताना कुणी पावती मागतं का?

दादा टेस्ट लॅबचे प्रमुख आहेत. वय त्रेपन्न, नाशिकचे. ही नोकरी त्यांनीच मला लावली. देवदत्तचं देवाही त्यांनीच केलं. सहा वर्षं आम्ही एका गाडीने जातो, चँडलरहून पार उत्तर फिनिक्सपर्यंत. एक आठवडा त्यांची गाडी, एक आठवडा माझी. दोघं असलो की कारपूलची लेन मिळते आणि पाऊण तासात पोचतो. त्यांना डायबेटिस आहे. दोन्ही गाड्यांच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये त्यांनी कॉफी शॉपमधल्या साखरेच्या पुड्या भरून ठेवल्यात. शर्टाच्या खिशात रोजच्या कामांची यादी असते. माझ्या बायकोच्या, सईच्या वाढदिवसाची आठवणसुद्धा मला तेच करून देतात.

२४ फेब्रुवारी

आज गाडीत विचारलं. गाडी त्यांची होती.

"दादा, मी सांगलीला होतो तेव्हा माझा शिक्का कुणी वापरला?"

त्यांनी आरशात बघितलं, इंडिकेटर दिला, लेन बदलली. मग म्हणाले, "मी."

"का?"

"दोन नंबरचा ओव्हन बंद पडला होता. माल निघायचा होता. वरून दिवसाला चार फोन. सगळ्यावर माझाच शिक्का दिसला असता तर कुणीतरी विचारलं असतं, एका माणसाने इतकं तपासलं कसं."

"किती तास चालवले?"

"बेचाळीस. काही साठ."

"एकशे अडुसष्ट पाहिजेत."

"मला शिकव आता."

मी न्यू मेक्सिकोच्या माणसाचं सांगितलं. वाचला नाही, म्हणालो. त्यांनी गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाले, "माहितीये. ती चिठ्ठी आधी माझ्याकडे येते."

मग ती माझ्या टेबलावर कशी आली, हे विचारायचं राहून गेलं.

"वरच्यांना लिहू या, दादा. दोघांच्या सहीने."

"चौदा वर्षं मी ग्रीन कार्डच्या रांगेत आहे, देवा. माझी चैत्राली जुलैमध्ये एकवीसची होते. तोवर ती माझ्या व्हिसावर. माझी नोकरी गेली तर साठ दिवस मिळतात. साठ दिवसांत आम्ही तिघं सामान बांधून बाहेर, आणि तिचं कॉलेज अर्धवट. तिचा स्वतःचा व्हिसा येतोय, तिचं होऊ दे. मग बघू."

"मग काय बघू?"

"तू मस्कतचा जावई. तुला नाही कळायचं."

हा त्यांचा जुना टोमणा. सईचे बाबा नोकरीला मस्कतला होते, तिचा जन्म तिथला. इथली रांग जन्माच्या देशावर लागते, आणि नवऱ्याला बायकोच्या देशाच्या रांगेत उभं राहता येतं. ओमानच्या रांगेत पुढे कुणी नव्हतंच. आम्हाला दोन वर्षांत कार्ड मिळालं. दादा अजून भारताच्या रांगेत आहेत.

"तिचं होऊ दे, मग बघू." कामं टाळणारी माणसं असंच बोलतात. त्यांच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

१० मार्च

अर्धा दिवस रजा टाकून वकिलीणबाईंकडे गेलो. नाव नीना. पन्नाशीच्या, बोलणं मोजकं. त्यांनी समजावलं ते असं: सरकारला फसवलं जात असेल तर साधा माणूससुद्धा सरकारच्या वतीने केस करू शकतो. केस कोर्टात बंद पाकिटासारखी राहते. सरकार आधी चौकशी करतं. दोन वर्षं, कधी चार. तोवर मी कुणाशी एक शब्द बोलायचा नाही.

"बायकोशी?"

"न बोललेलं बरं. डायरी लिहिता का?"

"नाही," म्हणालो.

पासपोर्टवरून मी इथे नव्हतो एवढंच सिद्ध होतं, त्या म्हणाल्या. ओव्हन किती तास चालला त्याचा पुरावा लागेल. पुरावा आहे. ओव्हनला एक गोल कागद लावलेला असतो. तो हळूहळू फिरतो आणि पेन त्यावर तापमानाची रेघ काढतं. एक पूर्ण फेरी म्हणजे सात दिवस. रेघ जिथून निघाली तिथे परत येऊन मिळाली, तर माल पास. ते कागद दादांच्या कपाटात असतात आणि किल्ली त्यांच्या खिशात.

मी दोनदा विचारलं की केस कंपनीवरच ना, माणसांवर नाही ना. नीना म्हणाल्या, "कंपनीवर." माझं समाधान झालं.

१९ एप्रिल

महिनाभर काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. आम्ही रोज गाडीत बसतो, रोज क्रिकेटचं बोलतो. कपाटाला रोज कुलूप असतं.

२ मे

चैत्रालीचा स्टुडंट व्हिसा मंजूर झाला. आता ती बापाच्या व्हिसावर नाही, स्वतःच्या पायावर आहे. दादांच्या घरी पेढे. रत्नावहिनींनी सईला मिठी मारली आणि दोघी उगाच रडल्या. चैत्राली म्हणाली, "काका, आता मी ऑफिशियली फॉरेन स्टुडंट! पहिलीपासून इथे शिकतेय, बट फाइन."

दादा पेढा खात नाहीत. आज दोन खाल्ले. वहिनी ओरडल्या तर म्हणाले, "आज शुगरला सांग, रजेवर जा."

ग्रीन कार्डच्या रांगेतली, बापासोबतची तिची जागा मात्र गेली. ते कुणी बोललं नाही.

५ मे

आज एक विचित्र गोष्ट झाली. परवा सईने त्यांच्याकडे भडंग पाठवलं होतं. आमच्या दोन घरांत डबा कधी रिकामा परत जात नाही. संध्याकाळी माझ्या गाडीतून आपल्या घरापाशी उतरताना दादांनी डब्याची पिशवी हातात दिली. "रत्नाने चिवडा दिलाय. पिशवी सरळ धर. आणि डबा तूच काढ रे, सईला जड होईल."

स्टीलचा छोटासा डबा, त्यात जड काय होणार. घरी येऊन काढला. खाली, पिशवीच्या तळाशी, निळं फोल्डर. आत ते गोल कागद. मोजले: चव्वेचाळीस. एकाचंही वर्तुळ पूर्ण नाही. कुठे पाव भाकरीएवढी रेघ, कुठे तिसरा हिस्सा, पुढे कोरं. प्रत्येकाच्या मागे त्यांच्या अक्षरात मालाचा नंबर आणि तारीख.

बहुतेक घरी नेऊन फाडायला घेतले असतील आणि घाईत चुकीच्या पिशवीत ठेवले असतील.

६ मे

शनिवार. सईला म्हणालो, पुस्तकं परत करायची आहेत. लायब्ररीत चव्वेचाळीस कागदांचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले. शेजारी एक आजोबा जुने फोटो स्कॅन करत होते. मला म्हणाले, "घरचे?" मी हो म्हणालो.

फोल्डर परत पिशवीत ठेवलं. सईला न सांगता वर डबा ठेवला, त्यात बेसनाचे लाडू. सोमवारी पिशवी त्यांच्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून दिली, की झालं.

९ मे

आज दादांनी विचारलं, "परवाच्या पिशवीत माझे काही कागद राहिले होते का?"

"नाही. काही नव्हतं."

खोटं बोललो. आवाज नीट निघाला याचंच आश्चर्य.

"बरं," ते म्हणाले. "नसतील मग." आणि शीळ घालत गाडी चालवत राहिले. सहा वर्षांत त्यांना शीळ घालताना ऐकलं नव्हतं. त्यांचं फोल्डर जसंच्या तसं मिळालं, म्हणून सुटल्यासारखं वाटलं असेल.

वाईट वाटलं. माणूस इतका निर्धास्त आणि शेजारी मी.

१५ मे

दादांनी मला तपासणीवरून काढलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "देवदत्त आता डिझाइनचं बघेल. त्याचा शिक्का लॉकरमध्ये जमा करा, पावती घ्या." आता सगळ्या कागदांवर एकटा त्यांचाच शिक्का.

अपमान झाला. पण एका परीने बरंच. त्यांना माझा संशय आला असेल, तर मला त्यांची दया यायचं कारण नाही.

२८ जून

केस दाखल झाली. बाहेर सेहेचाळीस डिग्री. नीना म्हणाल्या, "आता विसरून जा."

१२ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. जेवायला दादांकडे. नाही म्हणायला कारण सुचलं नाही. सई आणि वहिनींनी पुरणपोळ्या केल्या. दादा वाढत होते. "देवाला तुपाची धार धर गं. हल्ली तो गाडीत झोपतो, माझ्याशी बोलत नाही. घरी झोप लागत नसेल."

"डिझाइनचं काम फार आहे," मी म्हणालो.

"हो ना. मीच दिलंय."

सगळे हसले. मीही.

७ फेब्रुवारी २०२४

सरकारी वकिलांनी बोलावलं. एक तरुण पोरगी आणि एक तपास अधिकारी. त्यांनी टेबलावर ४७ च्या शिक्क्याचे कागद मांडले. एकूण एकतीस. सगळे अपुऱ्या तासांचे.

मी पासपोर्ट दाखवला. त्यात आठ बसले. उरलेल्या तेवीस कागदांच्या तारखा जून-जुलैच्या, मी इथेच असतानाच्या.

"हे कुणी मारले?"

"आठवत नाही," म्हणालो.

आठवतं. दादा कागदांची चळत घेऊन यायचे, म्हणायचे, "देवा, शिक्का." मी एका हाताने डबा खात असायचो, दुसऱ्याने मारत जायचो. गोल कागद मागायचा, वर्तुळ पूर्ण आहे का बघायचं आणि मग शिक्का, असा नियम. मी एकदाही मागितला नाही. परक्याने आणला असता तर मागितला असता. आपल्या माणसाने दिलेला कागद काय वाचायचा.

मला माहीत नव्हतं, हे खरं आहे. मी बघितलं नाही, हेही खरंच.

३० ऑगस्ट

दीड वर्ष झालं. कधीकधी वाटतं, केस म्हणजे मला पडलेलं स्वप्न असावं. दादा अजून दर महिन्याला व्हिसाच्या तारखा बघतात. या महिन्यात रांग एक दिवसही पुढे सरकली नाही. "ओमानमध्ये कुणी दत्तक घेतं का विचार," म्हणाले.

१४ जानेवारी २०२५

आज सरकारी तपासवाले आले. सकाळी दहाला, निळी जॅकेटं, खोकी, ढकलगाड्या. सगळ्यांना कॉम्प्युटरपासून उठवलं. लॅबमध्ये त्यांनी दादांकडे किल्ली मागितली. दादांनी खिशातून यादी काढावी तशी ती काढून दिली.

चारला सोडलं. पार्किंगमध्ये दादा गाडीला टेकून उभे होते, चेहरा पांढराफटक, घामेजलेला. मी ग्लोव्ह बॉक्समधून दोन पुड्या काढल्या, फाडून त्यांच्या तळहातावर ओतल्या. त्यांनी लहान मुलासारखी साखर चाटली. मी गाडी चालवली. पंधरा मिनिटांनी रंग परतला.

"आले एकदाचे," ते म्हणाले.

शुगर लो झाली की माणूस काहीही बोलतो.

२० मार्च

नीनांचा फोन. सरकारने दादांचा जबाब घेतला. सोबत वकील न घेता गेले म्हणे. सगळं सांगितलं: कुणी फोन केले, कधी, कुठला माल. "इतका सरळ साक्षीदार मी पंचवीस वर्षांत पाहिला नाही," असं त्या सरकारी वकील पोरीने नीनांना सांगितलं.

"आणि तुमचे तेवीस कागद," नीना म्हणाल्या, "ते त्यांना दाखवले. ते म्हणाले, तो शिक्का माझ्या ताब्यात होता, एकतीसच्या एकतीस माझ्याकडे धरा. त्यामुळे तो प्रश्न मिटला."

"ठीक," म्हणालो.

"एक राहिलं. त्या मुलीने विचारलं, ते गोल चार्ट देवदत्तच्या हाती कसे लागले. मी सांगितलं, मोरेश्वर यांच्याकडून पिशवीत चुकून राहिले. ती म्हणाली, हो, तेही तसंच म्हणाले. चुकून राहिले." मग जरा थांबून, "बराच विसराळू माणूस दिसतो."

संध्याकाळी सईने वांग्याचं भरीत केलं होतं. जेवलो नाही. पित्त झालंय म्हणालो.

१९ ऑगस्ट

केस उघड झाली. कंपनीने भरपाई मान्य केली, चूक मान्य केली नाही. ते सगळे भाग दवाखान्यांतून परत मागवले आहेत, चार हजारांच्या वर. हे चांगलं झालं. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

कायद्याप्रमाणे त्यातला एक हिस्सा मला मिळेल. नीनांनी आकडा सांगितला. बाबांच्या दुधाच्या नोंदींच्या वहीत तो लिहवत नाही.

कंपनीचं पत्रक आलं: लॅबच्या एका कर्मचाऱ्याने वरिष्ठांना अंधारात ठेवून हे केलं, त्याला आज कामावरून कमी केलं आहे. ज्यांचे दिवसाला चार फोन यायचे, त्यांच्याबद्दल एक ओळ नाही. कोर्टाच्या कागदावर माझं नाव आहे, आता कुणीही वाचू शकतं.

आजपासून साठ दिवस.

सकाळी गाडी माझी होती. सहा दहाला त्यांच्या घरासमोर थांबलो. ते बाहेर आले नाहीत. बातमी कालच कळली असणार. दहा मिनिटं थांबलो आणि एकटाच साध्या लेनमधून गेलो. सव्वा तास लागला.

२२ ऑगस्ट

सई दोन दिवस बोलली नाही. आज भांडी लावताना बोलली, पाठमोरी.

"दोन वर्षं मी त्यांच्याकडे हळदीकुंकवाला जात होते. चैत्रालीच्या ग्रॅज्युएशनला मी तिला साडी नेसवली. आणि तू मला त्या घरात पाठवत होतास."

"वकिलांनी सांगितलं होतं, कुणाशी बोलायचं नाही."

"डबे वकिलांनी नेले का त्यांच्याकडे?"

"सई, माणूस मेला होता गं. तिकडे, न्यू मेक्सिकोत."

तिने नळ बंद केला. "मला सांगितलं असतंस तर मी अडवलं असतं असं वाटलं तुला? मी फक्त त्यांच्याकडे बघून हसले नसते रे. तेवढं तरी खरं राहिलं असतं."

२८ सप्टेंबर

इंडियन ग्रोसरीत चैत्राली भेटली. ती इथेच राहणार. नोकरी लागली आहे, दोन मैत्रिणींबरोबर शेजारच्या टेंपीला भाड्याने घर घेतलंय. ट्रॉलीत नुसते मॅगीचे पुडे. मी वाट सोडून बाजूला होत होतो, तीच समोर आली.

"बाबा म्हणाले, देवदत्तकाका दिसले तर नीट बोल. सो, मी नीट बोलतेय."

"कसे आहेत?"

"गाडी विकतायत. आईची शिवणमशीन कुणी घेत नाही." मग म्हणाली, "काका, वन थिंग. मी त्यांना विचारलं, यू नो, तुमचा राग नाही का येत. ते म्हणाले, तुझा व्हिसा आला त्या दिवशी मी मोकळा झालो. तेवढंच. व्हॉट डझ दॅट ईव्हन मीन?"

"मला काय माहीत," म्हणालो.

घरी आल्यावर ही वही काढली. मागची पानं चाळली. २ मे. ५ मे. वही मिटून ठेवली.

११ ऑक्टोबर

पाच दिवसांनी जातात. वसुबारसेच्या एक दिवस आधी. जावं का, सईला विचारलं. "मला नको विचारूस," म्हणाली.

दोनदा त्यांच्या गल्लीपर्यंत गेलो. गॅरेज उघडं होतं, आत मांडणी, कुकर, गणपतीचं मखर, सगळ्यावर चिकटवलेल्या किमती. एक मेक्सिकन बाई मखर उलटसुलट करून बघत होती. दादा तिला हाताने काहीतरी समजावत होते. तिने ते घेतलं. मी गाडी वळवली.

१६ ऑक्टोबर

आज गेले. सव्वातीनचं विमान.

सकाळी सईने भडंग केलं. न विचारता डबा भरला, त्याच पिशवीत ठेवला आणि एकटी निघाली. मी दारापर्यंत गेलो. चप्पल घातली, परत काढली.

अर्ध्या तासात आली. डबा ओट्यावर ठेवला.

"वहिनी बाहेर आल्या नाहीत. दादांनी घेतला. भडंग एका पिशवीत ओतलं, म्हणाले विमानात खाऊ. डबा नळाखाली धुतला, शर्टाने पुसला, घरात फडकंसुद्धा नव्हतं रे. मी म्हटलं, असू दे दादा, तसाच द्या. तर म्हणाले, थांब. गाडी न्यायला माणूस आला होता. त्याला थांबवून गाडीत काहीतरी शोधत बसले."

मी झाकण काढलं. कॉफी शॉपच्या साखरेच्या दोन पुड्या.

मग मी पिशवी ओढली. आत हात घालून तळाशी फिरवला, कोपरे दाबून बघितले, उलटी करून झटकली.

"काय शोधतोस?"

"काही राहिलंय का बघतो."

"कोणाचं? दादांचं?" सई म्हणाली. "ते कधी काही विसरले आहेत का?"

ती आत गेली. मी पिशवीची घडी घातली. पुड्या डब्यातच ठेवल्या, झाकण लावलं.

साडेपाचला नीनांना फोन केला. निरोपाचं मशीन लागलं. माझं नाव सांगितलं, एकेक अक्षर सोडवून. मग सांगितलं की तेवीस कागदांवरचा शिक्का माझ्या हाताने मारलेला आहे. मी न बघता मारला. ते मोरेश्वर यांच्याकडे धरू नका.